विटलेल्या सीटा घरच्या घरी: कुणी केल्यात का?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. गाडी बारा वर्षांची, इंजिन ठणठणीत, पण दार उघडलं की सीटा पाहवत नाहीत. मागची सीट कापडी, मूळची गडद निळी, आता फिकट राखाडी. पुढच्या दोन्हींवर काळं लेदरसारखं मटेरियल आहे. त्यातल्या डाव्या सीटची खिडकीकडची कड पार करडी पडलीय आणि हात लावला की खरखरते. परवा मागचा हेडरेस्ट उपटून पाहिला. त्याच्या बुडाखाली दोन बोटं रुंदीचा पट्टा अजून तसाच निळा आहे, गाडी घेतली त्या दिवशीचा. तो पाहून फार वाईट वाटलं. रंग आईने निवडला होता.

गावातल्या शिवणाऱ्याने नवीन खोळींचे १८,००० सांगितले. बाबा म्हणतात बाजारातलं कव्हर टाक आणि विषय संपव. मला कव्हर नकोय, मूळ सीटच नीट करायचीय. अक्षय्य तृतीयेला मावसबहिणीचं लग्न आहे, तोवर हातात साधारण महिना आहे. घरी करता येतं का? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर लिहा.

लिंबाचा_पार
बाबांचं ऐका. कव्हर टाका, लग्नाला जा, बुंदी खा.

जालना_रोड
सविस्तर लिहितो, कारण मी दोन गाड्यांच्या सीटा केल्यात.

आधी मटेरियल ओळखा, सगळं त्यावर आहे. पुढच्या सीटच्या खालच्या बाजूला हात घालून खोळीची कड उलटून पाहा. आतून सुती जाळी किंवा कापड दिसलं तर ते रेक्झिन. आतून चामड्याचे तंतू, चपलेच्या आतल्या बाजूसारखे, दिसले तर खरं लेदर. बारा वर्षांच्या गाडीत बहुधा रेक्झिनच निघेल. रेक्झिनला वरून रंग चढवता येतो आणि नीट केला तर टिकतो. कापडाचं गणित वेगळं आहे, त्यावर कुणी जाणकार लिहील.

दुसरं म्हणजे धुतल्याशिवाय 'विटली' म्हणू नका. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ कापडात बसते ती व्हॅक्यूमने निघत नाही. कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड थोडंसं घाला, मऊ ब्रशने फेस करा, फक्त फेस सीटवर न्या आणि पांढऱ्या सुती फडक्याने टिपून घ्या. पहिल्या फडक्याचं पाणी पिळाल तेव्हा उकळलेल्या चहासारखं येईल. ते स्वच्छ येईपर्यंत रंगाबद्दल काही ठरवू नका.

वसमतकर
भौ बरोबर सांगायलेत. आमच्या गाडीत हळदीची पोती वाहून वाहून मागची सीट पिवळी झाली होती. मी म्हणलं बेकिंग सोडा लावू, सगळे तेच सांगायलेत. लावला आणि सीट लालभडक! घाबरलो ना लई. हे कामून झालं, कुणी सांगता का?

रंगाची_भट्टी
वसमतकर, तुमच्या घरातल्या बाईमाणसांना विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं ना, तेच झालं. हळदीतलं रंगद्रव्य अल्कलीत लाल होतं. सोडा अल्कली, साबणही अल्कली. लिंबाचं पाणी किंवा पातळ व्हिनेगर टिपलं की परत पिवळं होतं. मग तो पिवळा डाग उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, चार-पाच दिवसांत फिका पडतो.

मी कापड-रंगाईच्या कामात वीस वर्षं आहे, नांदेडहून इचलकरंजीला आलो. दुधनाकाठ यांच्या कापडी सीटबद्दल स्पष्ट सांगतो. गाडीच्या सीटचं कापड बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं. बाजारात मिळणारा सुती कपड्यांचा पुडीतला रंग पॉलिस्टरला धरतच नाही. वर बसतो, आणि घाम आला की पॅंटला लागतो. पॉलिस्टरला डिस्पर्स नावाचा वेगळा रंग लागतो, आणि तो तंतूच्या आत शिरायला प्रचंड उष्णता हवी. गिरणीत बंद भांड्यात १३० अंशांपर्यंत नेतात. घरी सीट उकळणार कशात? खोळ काढली तरी तिच्या मागे फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो, तो उकळला की सुटतो. म्हणून कापडाला पुन्हा रंगवण्याचा नाद सोडा, स्वच्छ करा. कापडावर मारायचे स्प्रे मिळतात, पण ते तंतूवर थर देतात, हाताला कापड ताडपत्रीसारखं लागतं.

वसमतकर
लिंबू केलं. पिवळं झालं. आता उन्हात ठेवली गाडी. तुम्हाला मानलं दादा.

अंबडची_लेक
रंगाची_भट्टी, थोडं विषयांतर, पण माझ्या आजोळी पैठणीचे माग होते. पैठणचे रंगारी रेशमाला आधी तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, नंतर रंगात. आजी म्हणायची, 'रंगाला आधी बसायला पाट दे.' लोकर, रेशीम, सूत प्रत्येकाचा पाट वेगळा. तुमचं वाचून ते आठवलं. पॉलिस्टरला म्हणजे पाटच आत ठेवलाय, दार गरम केल्याशिवाय उघडत नाही.

रंगाची_भट्टी
ताई, यापेक्षा सोपं मला वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

खोळकारागीर
माझं सीट शिवायचं काम आहे, संभाजीनगरला. १८,००० जास्त वाटतील, पण त्यात खोळ काढणं, जुन्या फोमचे खड्डे भरणं, तारेच्या कड्या परत आवळणं असं दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे. तरी मी सांगतो, शिवण शाबूत असेल, फोम बसला नसेल तर नवीन खोळ करू नका. कंपनीची शिवण आमच्यापेक्षा सरळ असते.

खरखरते म्हणालात त्याकडे बघा. रेक्झिन दोन तऱ्हेचं असतं. एक पीव्हीसीचं, जाड. त्याच्यात मऊपणासाठी तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते उन्हाने हळूहळू उडून जातं. नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून तेलकट थर येतो ना, त्यात तेच द्रव्य असतं. ते गेलं की रेक्झिन कडक होतं, मग तडकतं. कडक आहे पण तडा नाही, तर रंग धरेल. दुसरं पीयूचं, मऊ, हल्ली जास्त येतं. ते दमट हवेनं आतून सुटतं, माशाच्या खवल्यासारखे पोपडे निघतात. पोपडे निघायला लागले की त्यावर काहीही लावा, पुढच्या महिन्यात शेजारचा पोपडा निघणार. त्याला खोळच बदलावी लागते. नखाने हलकं खरवडून पाहा आणि इथे सांगा.

लिंबाचा_पार
खोबरेल तेल चोळा हो. आमच्या गाडीला दर दिवाळीला चोळतो, काळीकुळकुळीत दिसते.

जालना_रोड
लिंबाचा_पार, आदर राखून सांगतो, नका चोळू. तेल आत जात नाही, वर राहतं. उन्हात खवट वास येतो, धूळ धरतं, आणि पुढे कधी रंग द्यायचा ठरलं तर रंग त्यावर धरत नाही. दुधनाकाठ, तुमच्या सीटला कुणी तेल किंवा चकाकीचा स्प्रे लावला असेल तर तो आधी पूर्ण काढावा लागेल.

लिंबाचा_पार
बरं. यंदा दिवाळीला तेल अंगालाच लावतो.

मांजराकाठ
आमच्या शेजारच्या काकांनी करड्या पडलेल्या सीटला काळं बुटाचं पॉलिश लावलं होतं. दिसायला एकदम नवी. मग चैत्रात तुळजापूरला निघाले, पांढरंशुभ्र धोतर. येडशीपर्यंत धोतर मागून काळं. काकूंनी तिथेच रस्त्याकडेला दुसरं धोतर नेसायला लावलं. आम्ही लहान होतो, मागच्या सीटवर होतो. हसू दाबून पोट दुखलं होतं, पण काका दिवसभर गप्प होते, तो चेहरा अजून आठवतो. पॉलिश लावू नका कुणी.

आणखी एक. मी लातूरची. २०१६ साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हापासून घरात पाणी जपून वापरायची सवय लागलीय. सीट धुवायला बादल्या लागत नाहीत. जालना_रोड म्हणतात तसं फेसावर काम करा, एका सीटला तांब्याभर पाणी पुरतं. बोअरचं पाणी मात्र वापरू नका, क्षारांमुळे कापड वाळल्यावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि आपल्याला वाटतं अजून विटली. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.

दुधनाकाठ
मंडळी, खूप आभार. तपासलं. खोळीच्या आत सुती जाळी आहे, म्हणजे रेक्झिन. जाड आहे, कडक आहे, पोपडे नाहीत. खिडकीकडच्या कडेला केसासारखे दोन-तीन बारीक चरे आहेत. बोअरच्या पाण्याचं माहीत नव्हतं, मी तेच घेणार होतो.

एक प्रश्न: फक्त खिडकीकडचीच कड कशी काय इतकी गेली? समोरच्या काचेतून तर जास्त ऊन येतं.

शेंद्र्याचा_फिटर
याचं उत्तर काचेत आहे. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा घालून केलेली असते, दगड लागला तरी विखुरत नाही ती. तो पडदा अतिनील किरण बहुतांश अडवतो. बाजूच्या काचा सहसा एकसंध, कडक केलेल्या असतात, त्यांतून अतिनीलचा एक भाग सहज आत येतो. रंग उडवतात ते हेच किरण. म्हणून बाजूची कड आधी जाते.

यावरून एक सवय लावून घ्या. दुपारी उघड्यावर गाडी लावायची वेळ आली तर तोंड पश्चिमेला करा आणि समोरच्या काचेत चांदीच्या रंगाचा पडदा उभा करा. उन्हं कलतील तेव्हा बाजूने न येता समोरून येतील. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्यात बंद गाडीचं आतलं काय होत असेल ते स्टिअरिंगला हात लावल्यावर कळतंच.

काळी फिल्म सुचवायला कुणीतरी येईलच म्हणून आधीच सांगतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म चिकटवायला बंदी घातली. समोर-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. गाडी उभी असताना लावायचे आणि निघताना काढायचे जाळीचे पडदे घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. दुधनाकाठ, पुढच्या सीटच्या दाराकडच्या बाजूला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी चिठ्ठी शिवलेली आहे का? असेल तर ती सीट सोडवायची नाही, खालची पिवळी जोडणी हाताळायची नाही आणि त्या बाजूच्या शिवणीवर रंगाचे जाड थर द्यायचे नाहीत. ती शिवण अपघातात फाटण्यासाठीच ठेवलेली असते. बाजू बंद असलेलं साधं कव्हर चढवलं तर तीच एअरबॅग अडकते. बाबांना कव्हरबद्दल हेही सांगा. घरच्या माणसाच्या बरगड्यांचा प्रश्न आहे.

लिंबाचा_पार
फिटरसाहेब, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या गाडीला चिठ्ठी आहे आणि वर बंद कव्हर आहे. आत्ता बाहेर जाऊन काढून आलो. पहिल्या प्रतिसादात मी जे लिहिलं ते मागे घेतो.

दुधनाकाठ
आमच्या गाडीला चिठ्ठी नाही, दोनच एअरबॅग आहेत, दोन्ही समोर. पण बाबांना वाचून दाखवलं, आता तेही कव्हरचं नाव काढत नाहीत.

जालना_रोड, रेक्झिनच्या रंगाची कृती द्याल का?

जालना_रोड
देतो. घाई करणारा माणूस इथेच फसतो, म्हणून वेळेसकट लिहितो.

काम सकाळी सहाला सुरू, साडेआठला बंद. आपल्याकडे एप्रिलमध्ये त्यानंतर रंग सीटवर पसरायच्या आधीच वाळतो आणि ब्रशच्या रेघा राहतात. गाडी सावलीत, चारही दारं उघडी.

फेसाने धुऊन पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा, म्हणजे उरलेला तेलकटपणा जातो. फडकं ओलसर हवं, सीटवर ओतायचं नाही. थिनर नको! मी पहिल्या गाडीला थिनर वापरला होता. रेक्झिनचा वरचा थर विरघळला आणि ती जागा कायमची चिकट झाली, तिथे आजही पेपर ठेवला तर चिकटतो.

नंतर १००० नंबरचा पॉलिश पेपर, ओला करून, अगदी हलक्या हाताने. चकाकी मेली की थांबा. रेक्झिनवरची दाणेदार नक्षी घासली जाता कामा नये. बारीक चऱ्यांत लवचीक फिलर खेळायच्या पत्त्याच्या कोपऱ्याने भरा, वाळला की पुन्हा एकदा पेपर.

रंग पाण्यात मिसळणारा घ्या, डब्यावर रेक्झिन किंवा व्हिनाइलसाठी असं लिहिलेला. भांडी घासायचा स्पंज नवा घ्या, त्याचा तुकडा कापा, रंगात बुडवून जास्तीचा पिळून टाका आणि टिपटिप करत लावा. ओढायचं नाही. पहिला हात इतका पातळ की तुम्हाला वाटेल काहीच झालं नाही. वीस मिनिटांनी दुसरा. असे चार हात. शेवटी मॅट टॉपकोट, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, दोन हात, चकचकीत घेऊ नका, उन्हात डोळ्यांवर येतो आणि सीट खेळण्यातल्यासारखी दिसते. त्यानंतर पूर्ण एक दिवस कुणी बसायचं नाही, आठवडाभर धुवायचं नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी सीटच्या मागच्या खिशाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी तळहाताएवढं करून पाहा. दोन दिवसांनी तिथे सेलोटेप चिकटवून खेचा. रंग टेपला आला तर सफाई कमी पडलीय.

खोळकारागीर
टेपचं बरोबर. भर इतकीच की काळा म्हणून मिळणारा प्रत्येक काळा सारखा नसतो, कुणात निळी झाक, कुणात तपकिरी. तुमची सीट आज जशी दिसते तिच्याशी जुळवू नका, ती विटलेली आहे. पुढच्या सीटच्या हेडरेस्टच्या बुडाखाली जो मूळ काळा राहिला असेल त्याच्याशी जुळवा, आणि दिवसाच्या उजेडात, दुकानातल्या ट्यूबखाली नको.

वसमतकर
माझी पण बातमी घ्या. सहा दिवस उन्हात ठेवली. हळद गेली. पण एका बाजूला सतरंजी पडली होती, तेवढाच चौकोन पिवळा राहिला की राव. आता तो उन्हाला काढलाय.

अंबडची_लेक
वसमतकर, त्या चौकोनाला हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवा.

दुधनाकाठ
तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. सगळं सांगतो.

मागची कापडी सीट आधी घेतली. आरओचं पाणी, एक तांब्या. पहिलं फडकं पिळलं तर पाणी चहासारखं नाही, शेतातल्या ओढ्यासारखं आलं. अकरा फडकी झाली. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर आई बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. मला वाटत होतं सगळा रंग उडालाय, पण बराचसा निळा त्या मातीखाली होता! अगदी हेडरेस्टखालच्या पट्ट्याइतका नाही, पण एकाच घरातली भावंडं म्हणता येतील इतका. डाव्या खिडकीजवळचा हातभर भाग मात्र खरोखर विटलेला निघाला. रंगाची_भट्टी म्हणाले तसं त्याला काही केलं नाही. आईने जुन्या लुगड्यांची छोटी चौघडी शिवून तिथे टाकलीय. त्यामुळे खालच्या कापडावर येणारं ऊनही अडतं.

पुढच्या सीटचा नमुना खिशाच्या आत केला. टेप लावून खेचला तर टिकलीएवढा रंग आला. म्हणजे अल्कोहोलने नीट पुसलं नव्हतं. पुन्हा पुसलं, पुन्हा नमुना, या वेळी टेप कोरी. मग उजवी सीट केली, दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या हाताला माझा धीर सुटला, स्पंज थोडा ओढला गेला, तिथे जवळून पाहिलं तर एक रेघ दिसते. चौथ्या हातात ती निम्मी झाकली.

रंग, टॉपकोट, फिलर, अल्कोहोल, पेपर मिळून खर्च १,६५० झाला.

जालना_रोड
रेघेवर टॉपकोट दिलाय का? नसेल तर तेवढ्याच जागी १००० चा पेपर ओला करून फिरवा आणि आणखी एक पातळ हात द्या, जाईल.

दुधनाकाठ
अजून नाही दिला, बरं झालं विचारलं. उद्या सकाळी सहाला ती रेघ, आणि मग डावी सीट. लग्नाला आठ दिवस आहेत. आईने सांगून ठेवलंय, डावीकडे ती बसणार, तोवर तिथे कुणी बसायचं नाही.